आज वेलची जास्त झाली

आमच्या लहानपणी नाशिक रोडला नानकटाई घरात होत नसे, ती भट्टीवर व्हायची. दिवाळीला आठवडा उरला की आई रवा, मैदा, पिठीसाखर आणि वनस्पती तूप पिशवीत भरून बेकरीवर जायची आणि रांगेत डबा ठेवायची. बेकरीवाला ज्याचं त्याचं सामान वेगळं मळून, ट्रेमध्ये गोल लावून भट्टीत सारायचा. बायका मात्र तिथून हलायच्या नाहीत. आपलं तूप दुसरीच्या पिठात जाईल, आपला ट्रे तिसरीच्या डब्यात रिकामा होईल, अशी प्रत्येकीची पक्की खात्री असायची. आई मला पहाऱ्याला बसवायची आणि मी भट्टीच्या तोंडाकडे बघत बसायचे. डबा घरी येईपर्यंत गरम असायचा आणि पुढचे चार दिवस घरभर वेलचीचा वास असायचा.

ती बेकरी कधीच गेली, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. माझ्या नवऱ्याच्या डोक्यातून मात्र ती गेली नव्हती. त्यांची आईही त्याच भट्टीवर यायची. म्हणजे आपण दोघं लहानपणी एकाच रांगेत बसलो असणार, असं ते लग्नानंतर कित्येक वर्षं सांगायचे. तुझ्या आईने आमचं तूप लांबवलं म्हणून तुमची नानकटाई जास्त खुसखुशीत व्हायची, असं वर चिडवायचे. चहात बुडवून एका बैठकीत सहा-सात संपवणारा हा माणूस. दुकानातली पाकिटं आणली तर एक तोंडात घालायचे आणि बाकीची पाकिटं पाहुण्यांना ठेव म्हणायचे.

ते नोटा छापायच्या प्रेसमध्ये मशिनवर होते. गेटवर झडती असायची, खिशातून काही आत न्यायची सोय नव्हती. म्हणून आत शिरण्याआधी तंबाखूचा बार भरायचा आणि तोच गालात धरून पाळी काढायची, अशी त्यांची आणि त्यांच्या दोन-तीन मित्रांची जन्माची सवय. मी शिक्षिका. वर्गात तंबाखूचे दुष्परिणाम फळ्यावर लिहून घ्यायचे आणि घरी आल्यावर बेसिनमधल्या पिचकाऱ्या धुवायचे. भांडायचे, चार दिवस अबोला धरायचे, पुन्हा धुवायचे. डाव्या गालात पांढरा चट्टा आला तेव्हा त्यांना निवृत्तीला दोन वर्षं होती. चट्टा त्यांनी मला दाखवला तोवर त्याची जखम झाली होती.

डावीकडचा जबडा काढला, मांडीचं कातडं घेऊन गाल शिवला, मग दीड महिना शेक दिला. किरणांच्या उपचाराला आमच्याकडे सगळे शेकच म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटावं, गुडघ्याला गरम पिशवी ठेवली असेल. शेक संपला तेव्हा त्यांचं तोंड जेमतेम एक बोट उघडत होतं. निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी मावतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून पातळ पदार्थ ओघळायचा आणि त्यांना तो जाणवायचा नाही. बोलणं इतकं बोबडं झालं की ते फक्त मलाच समजायचं.

डॉक्टरांचं म्हणणं नाकातून पोटात नळी घालू असं होतं. यांनी साफ नकार दिला. वॉर्डात शेजारच्या तिघांना नळ्या होत्या, त्यांच्याकडे बघून यांनी ठरवलं होतं, तसं घरी जायचं नाही. शेवटी असं ठरलं की मी ताकदीचं मऊ अन्न पोटात जाईल असं बघायचं, महिन्याच्या महिन्याला वजन करायचं, आणि ते फारच घसरलं तर मग कुरकुर न करता नळी घालून घ्यायची. दूध, पेज, डाळीचं पाणी एवढ्यावर शरीर उभं राहणार नाही, असंही डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मी त्याच महिन्यात स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. या माणसाला तोंडाने खायला लावायचं, हे एकच काम मला उरलं होतं.

पुण्याहून मुलीने ओव्हन पाठवला. मी तोवर चपात्या आणि भाजी यापलीकडे हौसेनं काही केलेलं नव्हतं. पहिला केक मधोमध बसला, कडेला करपला आणि आत कच्चा राहिला. दुसरा फुगत आला असताना वीज गेली. तिसऱ्यात मी बेकिंग पावडरऐवजी तेवढाच खायचा सोडा घातला, तो तर घरातल्या मांजरानेही वास घेऊन सोडला. व्हिडिओतल्या बायका हसत हसत कपाने मोजत होत्या आणि मी आमटीच्या वाटीने. चौथा केक बरा झाला. त्याचा एक तुकडा दुधात कुस्करून मी यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वाटी उचलली, गॅलरीत गेले, दार लोटून घेतलं. दहा मिनिटांनी बाहेर आले, वाटी स्वतः विसळून ओट्यावर पालथी घातली आणि म्हणाले, चांगला आहे.

दार लोटून घेण्याचं मला नवल वाटलं नाही. ऑपरेशननंतर खाताना कोणी बघितलेलं त्यांना चालत नसे. अन्न ओघळतं, नॅपकिन लावावा लागतो, चेहरा वाकडा होतो. मुलगी आली होती तेव्हाही ते वाटी घेऊन आतल्या खोलीत गेले होते. तेवढी लाज माणसाला असू द्यावी, असं मला वाटायचं.

त्या दिवसापासून दुपारी चारची वेळ ठरून गेली. बाकी वेळी दूध, पेज, डाळीचं पाणी चालूच होतं. मी कामाला लागले. नाचणीचा केक, केळ्याचा, गाजराचा. बदामाची पूड, दुधाची पावडर, दोन-दोन अंडी. पिंपळगावहून कोणीतरी बेदाणे आणून दिले, ते रात्रभर भिजवून वाटून घातले. साय साठवून लोणी काढायचे आणि ते सढळ हाताने फेसायचे. अंड्याचा वास आला तर त्यांना मळमळेल म्हणून लिंबाची साल किसायचे. आणि वास्तविक हे सगळे प्रयोग एकाच गोष्टीपर्यंत पोचण्यासाठी होते. भट्टीवरच्या नानकटाईसारखी नानकटाई, पण इतकी मऊ की जिभेवर ठेवली की विरघळावी, दात लावायला लागू नयेत. रवा कमी केला तर ती पसरून पोळी व्हायची. तूप वाढवलं तर भाजतानाच वाहायला लागायची. सात-आठ महिने मी त्या एका नानकटाईच्या मागे होते.

आणि ते शेरे द्यायचे. आज वेलची जास्त झाली. आज खालून थोडं लागलं का. गाजराचा परवाचा बरा होता. मी ते मनावर घ्यायचे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या, आता माझी वही तपासणारा भेटला होता आणि मला त्याचा आनंद होत होता, हे कबूल करायला हवं. वेलची चार दाण्यांवरून दोनवर आणली. ट्रे वरच्या कप्प्यात ठेवायला लागले. दुपारी दोन वाजले की माझे हात सुरू व्हायचे. घरात इतका मोठा आजार असताना मी बटरपेपर कापत बसलेली असायचे आणि मला बरं वाटत असायचं.

मांजर आमच्याकडे त्याआधीपासून होतं. पांढरी, पाठीवर काळे डाग, शेपूट अर्धंच. जिन्याखाली व्यायली, पिल्लं मोठी होऊन गेली आणि ही आमच्याकडे राहिली. नाव ठेवायचं राहूनच गेलं. मला मांजरांचं फार प्रेम नाही, पण यांचं आणि तिचं जमलं होतं. हे ड्यूटीवरून आले की ती दारात, हे आजारी पडल्यावर त्यांच्या पोटावर. ओव्हन लावला की तिची जागा ओव्हनच्या डोक्यावर. चार वाजता हे गॅलरीत निघाले की ती पायात पायात करत त्यांच्या पुढे आत शिरायची. मला वाटायचं, एकटं बसण्यापेक्षा सोबत तरी आहे.

वजन दर महिन्याला थोडं उतरत होतं. डॉक्टर विचारायचे, काय काय खातात, आणि मी पाठ केल्यासारखी यादी सांगायचे. अंडी, लोणी, बदाम, नाचणी. डॉक्टर माझ्याकडे बघायचे, त्यांच्याकडे बघायचे. हे खाली बघायचे. एवढं खाऊनही अंगाला लागत नाही म्हणजे आजारच खातोय, असा अर्थ मी काढला. जानेवारीच्या खेपेला डॉक्टरांनी आणखी एकच महिना दिला.

त्याच आठवड्यात नांदगावहून नणंद आली, यांची थोरली बहीण. भावाला बघून ती दारातच बसली. दोन दिवस तिने मला स्वयंपाकाला हात लावू दिला नाही, भावाशेजारी बसून बुद्धवंदना म्हटली, पाय चेपले. तिसऱ्या दिवशी तिची नजर मांजरावर गेली. ती ओव्हनवर आडवी पसरली होती, पोट दोन्ही बाजूंनी सुटलेलं. नणंद म्हणाली, "तुझ्या घरात हे मांजरच तेवढं बाळसं धरून हे. बाकी दोघं लय वाळले." मला हसू आलं. मी म्हणाले, ताई, तिला काय, टिनला लागलेलं लोणी चाटायला मिळतं.

पण ताईंनी विषय सोडला नाही. मांजराचे केस उडतात, ते याच्या घशात जात असतील, म्हणून याला ठसका लागतो. छातीवर बसतं, छातीतला दम ओढून घेतं. दोन दिवस तेच. केसांचं मला थोडंफार पटलंही. आणि दुसरंही एक कारण होतं, जे मी ताईंना सांगितलं नाही. वजन उतरत होतं, मला कोणाला तरी दोष द्यायचा होता, आणि मांजराला देता येत होता.

आमच्याकडे मांजर सोडायची एक रीत आहे. मारायचं नाही, दूर नेऊन सोडायचं. पोत्यात घालायचं आणि पोतं तीनदा गरगर फिरवायचं, म्हणजे त्याला दिशा कळत नाही आणि ते परत येत नाही. खालच्या मजल्यावरचा टेम्पोवाला रोज पिंपळगाव बसवंतला कांद्याची खेप करतो. तो म्हणाला, तिकडे शेडमध्ये उंदीर लय, मजेत राहील. हे दुपारचे झोपले होते. मी केकच्या टिनमधला लोण्याचा बटरपेपर काढला आणि पोत्याच्या तळाशी टाकला. ती विश्वासाने आत गेली. तोंड मी बांधलं, फिरवलं ताईंनी. आतून एकदाच आवाज आला. टेम्पो गेला.

हे उठल्यावर त्यांनी तिला शोधलं. मी सांगितलं, ठसका थांबेपर्यंत थोडे दिवस पाठवली आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं. चार वाजता वाटी घेऊन गॅलरीत गेले. वाटी विसळून आणली. म्हणाले, आज मऊ झाला आहे. ताई दुसऱ्या दिवशी नांदगावला गेल्या. जाताना मला म्हणाल्या, बघ आता कसा अंगाला लागतो.

नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी सकाळी गॅलरी झाडताना मला मुंग्यांची रांग दिसली. लाल मुंग्या, भिंतीच्या कडेने, मागच्या उन्हाळ्यापासून गोणपाट टाकून ठेवलेल्या कूलरकडे. मला वाटलं आत पाल मेली असेल. गोणपाट काढलं, बाजूची जाळी उचलली. खाली कोरड्या टाकीत सगळं होतं.

सगळं म्हणजे सगळं. मी ते हाताने केलेलं होतं, मला प्रत्येक तुकडा ओळखू येत होता. तळाशी नाचणीचा, त्याच्यावर बुरशी आलेली. त्याच्यावर गाजराचा. मग नानकटाया, आधी रवा जास्त पडलेल्या, नंतर कमी केलेल्या. सगळ्यात वर कालची, जिच्याबद्दल त्यांनी मला सांगितलं होतं की आता जवळजवळ भट्टीसारखी जमली. मी तिथेच बसले आणि मोजलं. नऊ दिवसांचं होतं. मांजर गेलं त्या दिवसापासूनचं, त्याआधीचं, मांजर असतानाचं, काहीच नव्हतं. मग मला बाकीचे महिने समजले.

मी परात आणली, ते सगळं परातीत काढलं आणि त्यांच्या पलंगावर नेऊन त्यांच्या पुढ्यात ठेवलं. आजारी माणसाशी असं वागू नये, हे मला तेव्हाही कळत होतं. शाळेत चोरी सापडली की पोराला उभं करतात तशी मी त्यांच्यासमोर उभी राहिले. हे काय आहे, मी म्हणाले. बोलताना माझा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असेल.

त्यांनी परातीकडे बघितलं. मुंग्या चादरीवर उतरायला लागल्या होत्या, त्या त्यांनी बोटाने बाजूला केल्या.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्यापासून. पहिला खाल्ला, तो उलटून पडला. मग नाही खाल्ला."

"मग वेलची जास्त, वेलची कमी, हे कुठून कळायचं?"

"वास येतो. चव नाही. सगळं राखेसारखं लागतं. घशाखाली उतरतच नाही."

मी म्हणाले, मला सांगायचं होतं. नळी तरी घातली असती. ती घालायची नव्हती म्हणून तुम्ही मला फसवलंत, तीस वर्षं गेटवर झडती देणाऱ्याला बायकोला फसवणं काय अवघड. मी आणखीही बरंच बोलले, ते लिहिण्यासारखं नाही. ते सगळं ऐकत होते. माझं संपल्यावर ते सावकाश, मला समजेल असं एकेक शब्द तोडून बोलले.

"सांगितलं असतं तर तू करायचं बंद केलं असतंस. आणि मग दिवसभर माझ्याकडे बघत बसली असतीस."

मी परात उचलली आणि बाहेर गेले. केराच्या डब्यात सगळं ओतलं. ओव्हनची वायर काढली. मग परत आत येऊन त्यांना म्हणाले, आजपासून या घरात खोटं बोलायचं नाही, तुम्ही नाही आणि मीही नाही. त्यांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. वजनाच्या काट्यावर ते उभे राहिले तेव्हा मी आकडा बघितला आणि पुन्हा बघितला. त्यांच्या शर्टाच्या बाह्या हातांवर लोंबत होत्या, हे मी रोज धुवायला टाकताना बघत होते आणि बघितलं नव्हतं. नळी घालताना त्यांनी एकदाही कुरकुर केली नाही. डॉक्टर चांगले होते, त्यांनी मला दोष दिला नाही. एवढंच म्हणाले की दोन-तीन महिने आधी आला असतात तर शरीराने धरलं असतं. दोन-तीन महिने आधी मी वेलचीचे दाणे मोजत होते.

घरी आल्यावर दर दोन तासांनी मिक्सरमधून वाटून, गाळून, मोठ्या सिरिंजने नळीत अन्न सोडायचं. आता ओघळायचा प्रश्न नव्हता, चवीचाही नव्हता. सगळं बरोबर मोजलेलं पोटात जात होतं. चार वाजता आम्हा दोघांना काय करावं हे कळेना. मी त्यांच्याशेजारी खुर्ची ओढून बसायचे. ते म्हणाले होते तेच व्हायला लागलं, मी त्यांच्याकडे बघत बसले.

चौथ्या दिवशी त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. नळीमुळे बोलणं आणखी कठीण झालं होतं. म्हणाले, "तिला आण."

एवढी एकच गोष्ट त्यांनी त्या दिवसांत मागितली. मी शेजारणीला बसवलं आणि सकाळीच टेम्पोत बसून पिंपळगावला गेले. हायवेवरून टेम्पो बाजाराच्या आवारात वळला. सगळीकडे कांदा, गोण्या, वाळलेल्या पातींचा कचरा. टेम्पोवाल्याने मला ती शेड दाखवली जिथे त्याने पोतं सोडलं होतं. तिथल्या बायका कांदा निवडत होत्या. एकीने सांगितलं, मांजरं इथं लय, ताई, कुठली तुमची. पांढरी, काळे डाग, अर्धं शेपूट. तिने इतरांना विचारलं. एक म्हणाली, होती, पहिले दोन दिवस नुसती ओरडायची, दिलेलं खायची नाही. मग कुत्री मागे लागली तेव्हा हायवेकडे पळाली. ती अगदी सहज सांगत होती, हात निवडायचं काम करतच होते.

मी हायवेच्या कडेने खूप लांब चालले. दोन्ही बाजूंनी बघितलं. डब्यात लोणी नेलं होतं, ते उघडून हातात धरून चालले, लोक बघत होते. तिला नाव नव्हतं त्यामुळे हाक मारायलाही काही नव्हतं. द्राक्षांच्या एका पॅकहाऊसच्या भिंतीवर एक पांढरं मांजर बसलं होतं, त्याचं शेपूट पूर्ण होतं. दुपारी टेम्पोवाला परत निघाला तेव्हा मीही निघाले.

संध्याकाळी घरात शिरले तर ते उशाला टेकून बसले होते. शेजारीण म्हणाली, मघापासून पडूनच राहत नाहीत, दाराकडे बघतात. त्यांनी आधी माझे हात बघितले. मग माझ्या मागे बघितलं, कोणी टेम्पोवाला पिशवी घेऊन येतोय का. त्यांचे केस त्यांनी स्वतः विंचरले होते.

वाटेत मी ठरवलं होतं, काय सांगायचं. या घरात आता खोटं बोलायचं नाही, असं मीच सांगितलं होतं आणि मला माझ्या शब्दाचा अभिमान असतो. शाळेत पोरं मला त्यासाठी घाबरायची. मी पलंगाशेजारी उभी राहिले आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. दोन दिवस ओरडली. खाल्लं नाही. कुत्री मागे लागली. हायवेकडे गेली.

"सापडली नाही," मी म्हणाले. "सापडायची नाही आता."

ते हळूहळू घसरून आडवे झाले आणि त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मी हाक मारली. नळीतून दूध सोडलं तेव्हा त्यांनी विरोध केला नाही, पण वळलेही नाहीत.

त्यानंतर ते अकरा दिवस होते. त्या दिवसांत ते माझ्याशी बोलले नाहीत. रागावले होते असं नाही, रागावलेला माणूस मला ओळखू येतो. पाय चेपू दिले, कूस बदलू दिली, पाणी मागितलं नाही. शेवटच्या दिवशी सकाळी मी त्यांचा हात धरून बसले होते, तो त्यांनी काढून घेतला नाही, एवढंच.

मुलगी आली, ताई आल्या, विधी झाले, माणसं येऊन गेली. ताईंनी मला विचारलं, शेवटी काही बोलला का. मी नाही म्हणाले. ताई म्हणाल्या, मांजर ठेवायला पाहिजे होतं गं, माझंच चुकलं. पोत्याचं तोंड मी बांधलं होतं.

आता सहा-सात महिने झाले. मी ती संध्याकाळ सारखी मनात उलगडून बघते. मी दारातून आत येते, ते उशाला टेकून बसलेले आहेत, केस विंचरलेले. आणि मी म्हणते, भेटली. शेडमध्ये आहे, उंदीर खाऊन आणखी लठ्ठ झाली आहे. आज पकडता आली नाही, पुढच्या खेपेला आणते. लोणी दिलं, सगळं चाटून खाल्लं. इतकंच म्हणायचं होतं. त्यांना ते खरं वाटलं असतं की नाही, मला माहीत नाही. बहुतेक नसतं वाटलं. पण त्यांनी वळून विचारलं असतं, लोणी घरचं होतं का, आणि मी हो म्हणाले असते.

माझ्या दुपारी रिकाम्या जाऊ नयेत म्हणून तो माणूस उपाशी राहून सात-आठ महिने माझ्याशी खोटं बोलला. मला त्याच्यासाठी एक संध्याकाळ खोटं बोलता आलं नाही.